माहेर कराची, सासर अकोला

आपल्याकडच्या काही घरांत पत्र्याची एक पेटी अजून जपून ठेवलेली असते. तीत निकाहनामा असतो, रेशनकार्डाची जुनी प्रत असते, पोलीस ठाण्याच्या शिक्क्यांचे कागद असतात आणि तळाशी एक हिरवा पासपोर्ट असतो. तो त्या घरच्या सुनेचा. अमरावती-अकोल्याच्या मोहल्ल्यांतून अशा सुना नांदल्या, त्यांनी मुले वाढवली, काहींच्या मयतीही इथेच झाल्या. पण कागदावर त्या कित्येक वर्षे 'पाहुण्या'च राहिल्या. वऱ्हाडी मुसलमानाच्या इतिहासात फाळणीवर बोलले जाते, दंगलीवर बोलले जाते. या पेटीवर मात्र कुणी फारसे बोलत नाही. म्हणून आम्ही आज ती उघडतो आहोत.

वऱ्हाडच्या मुसलमानाला सरहद्द नवी नव्हती. एलिचपूर ही इमादशाहीची राजधानी. पुढे वऱ्हाड निजामाच्या ताब्यात गेले, १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि १९०२ च्या करारानंतर कायमच्या भाडेपट्ट्याने मध्य प्रांताला जोडले गेले. राजा एक, कारभारी दुसरा, अशी ही अवस्था. पण सोयरीक जुळवताना बाळापूरच्या किंवा अचलपूरच्या माणसाला औरंगाबाद, परभणी वा हैदराबाद हा कधी परका मुलूख वाटला नाही. मुलगी इंग्रजी हद्दीतून निजामी हद्दीत जायची, तेव्हा अश्रू असत, परवाना नसे. लग्न हे नात्याचे काम होते, सरकारचे नव्हते.

१९४७ ने हे बदलले. वऱ्हाडातला बहुसंख्य मुसलमान इथेच राहिला, ही गोष्ट आधी ठामपणे सांगितली पाहिजे. जे गेले त्यांनी कराचीत वसाहत केली, आणि आजही त्या शहरात 'सी. पी. अँड बेरार' या नावाची गृहनिर्माण सोसायटी आहे. ज्या प्रांताचे नाव भारताच्या नकाशावरून पुसले गेले, ते कराचीच्या एका मोहल्ल्यात शिल्लक राहिले. एक भाऊ तिकडे, एक इकडे. आणि आपल्यात चुलत-मामे भावंडांत लग्ने होण्याची रीत. फाळणीने जमीन वाटली, पण खालाच्या मुलीशी ठरलेली सोयरीक वाटता येईना. प्रश्न इथून सुरू झाला.

जुलै १९४८ मध्ये परमिटची पद्धत आली. पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्याला परमिट लागे, आणि परमिटचे प्रकार होते. तात्पुरत्या भेटीचे वेगळे, कायम परतण्याचे वेगळे. कोणता कागद घेऊन आलात यावर तुम्ही कोण आहात हे ठरू लागले. याचे कठोर उदाहरण म्हणजे बिहारमधील गयेच्या कुमार राणी सईदा खातून यांचा खटला. त्या जुलै १९४८ मध्ये कराचीला गेल्या आणि तात्पुरत्या परमिटवर परत आल्या. पती भारतीय, म्हणून मीही भारतीय, असा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये तो फेटाळला. घटनेचे सातवे कलम पाकिस्तानात स्थलांतर केलेल्यांना लागू होते आणि विवाहाचे नाते त्यावर मात करू शकत नाही, असे ठरले. निकाह माणसांना जोडतो. राज्याला तो पुरेसा नाही, हे त्या निकालाने आपल्याला शिकवले.

याच्या शेजारी दुसरा निकाल ठेवला पाहिजे. बुऱ्हाणपूर वऱ्हाडाला लागूनच आहे. तिथल्या पीर मोहम्मद आणि त्यांच्या पत्नीवर व्हिसाची मुदत संपूनही राहिल्याबद्दल खटला झाला. ते दोघे पाकिस्तानी पासपोर्टवर १९५६ मध्ये परतले होते. १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की २६ जानेवारी १९५० नंतर गेलेल्याला सातवे कलम लागत नाही. त्याने नागरिकत्व गमावले की नाही, हे नागरिकत्व कायद्यानुसार केंद्र सरकारने तपासले पाहिजे. एकाच घरातला एक जण जानेवारीच्या आधी गेला आणि दुसरा नंतर, तर दोघांचे भवितव्य वेगळे. तारीख हीच जात झाली.

ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांत पासपोर्ट-व्हिसाची पद्धत सुरू झाली. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात भारतीय नागरिकांच्या पत्नींना नोंदणीने नागरिकत्व मिळण्याची तरतूद होती. शब्द नीट वाचा: पत्नींना. भारतीय मुलीने परदेशी नवरा केला, तर त्याला हा दरवाजा बंद होता. तो १९८६ च्या दुरुस्तीने उघडला, त्याच वेळी पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आली, आणि २००३ च्या दुरुस्तीने ती सात वर्षांची झाली. तीन दशके कायदा असे मानत होता की बाई नवऱ्याच्या घरी जाते, नवरा बाईच्या घरी येत नाही. सरकारला दोष देताना आपण हेही कबूल केले पाहिजे की या भेदाविरुद्ध आपल्या समाजातून आवाज उठला नाही. कारण तो आपल्याही मनातला कायदा होता. पाकिस्तानी नागरिकांसाठीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसात आजही भारतीयाची पाकिस्तानी पत्नी हा स्वतंत्र वर्ग आहे, पतीसाठी तसा वर्ग नाही.

दरम्यान युद्धे झाली. १९६५ मध्ये खोकरापार-मुनाबावची गाडी बंद पडली, ती थेट २००६ मध्ये सुरू झाली. १९७१ नंतर राजनैतिक संबंध तुटले, ते १९७६ मध्ये जुळले आणि त्याच वर्षी समझोता एक्स्प्रेस धावू लागली. १९९४ मध्ये कराचीतले भारतीय वकिलातीचे कार्यालय बंद झाले आणि कराचीच्या माणसाला व्हिसासाठी हजार किलोमीटरहून दूर इस्लामाबादकडे पाहावे लागले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही गाड्या थांबल्या. व्हिसावर गावांची नावे लिहिलेली असत. अकोल्याचे नाव असलेल्या सुनेला शंभर किलोमीटरवरच्या अमरावतीत नणंदेच्या लग्नाला जायचे, तर अमरावतीचेही नाव हवे. २०१२ च्या करारात गावांची संख्या तीनवरून पाच झाली आणि सीमेपलीकडे लग्न केलेल्यांना दोन वर्षांपर्यंतचा, अनेक फेऱ्यांचा व्हिसा देण्याची तरतूद आली. ती सवलत कागदावर आली, पण दोन देशांच्या संबंधांनी तिला फार काळ फळू दिले नाही.

आता आजचा प्रश्न. आपली मुले दुबईत, लंडनमध्ये, मलेशियात काम करतात, तिथेच लग्न करतात आणि मग विचारतात, तिला घरी आणायचे कसे? मार्ग तीन आहेत. पहिला, पत्नी किंवा पती म्हणून प्रवेश व्हिसा. दुसरा, नोंदणीकृत लग्नाला सलग दोन वर्षे झाल्यावर ओसीआय कार्ड. तिसरा, सात वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर नागरिकत्वाची नोंदणी. पर्यटक व्हिसावर आणू आणि पुढचे पुढे पाहू, हा मार्गच नव्हे.

पण इथेही ती जुनी पेटी आडवी येते. जिचे आईबाप, आजा-आजी किंवा पणजा-पणजी यांपैकी कुणीही पाकिस्तानचे वा बांगलादेशाचे नागरिक होते, तिला ओसीआय मिळत नाही. अमरावतीचा माणूस कराचीला गेला, त्याचा मुलगा लंडनला गेला, नात इंग्लंडमध्ये जन्मली. ती नात आज आजोबांच्या अमरावतीत सून म्हणून आली, तर आजोबांचा अमरावतीचा जन्म मोजला जात नाही, कराचीचा कागद मोजला जातो. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीतही मुसलमानांचा समावेश नाही. म्हणून तिच्यासाठी प्रवेश व्हिसा आणि सात वर्षांची सबुरी, एवढेच उरते.

मुदत का सांभाळायची, हे नीट समजून घेतले पाहिजे. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेल्या मुलाला जन्माने नागरिकत्व मिळण्यासाठी आईबापांपैकी एक भारतीय असून भागत नाही. दुसरा 'अवैध स्थलांतरित' नसावा लागतो. व्हिसा संपूनही राहिलेला माणूस त्या व्याख्येत येतो. म्हणजे आईच्या कागदातली चूक मुलाच्या जन्मदाखल्यापर्यंत पोचते. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या विदेशी नागरिक कायद्यात मुदतीपलीकडे राहण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळले गेले. ज्या सुनेच्या नावे तो कागद होता, ती घरी राहिली. जिच्याकडे फक्त भेटीचा व्हिसा होता, तिला अटारीची वाट धरावी लागली. एकोणीसशे अठ्ठेचाळीसचा धडा पुन्हा तोच: कोणत्या कागदावर आलात?

तेव्हा आपण काय करावे? निकाहनाम्याबरोबर १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली विवाहनोंदणी करावी. मौलवीसाहेबांची सही पुरेशी आहे, असे समजू नये. मार्ग रुखसतीनंतर नव्हे, सोयरीक ठरतानाच निवडावा. पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयातली नोंद आणि मुदतवाढ वेळेवर करावी, शिक्क्याची प्रत जपावी. आणि हे सारे लपूनछपून करू नये. परदेशी सून घरात असणे हा गुन्हा नाही. तिचा कागद पूर्ण असेल, तर तिच्या निष्ठेचा दाखला कुणी मागू नये आणि आपणही तो देत फिरू नये.

त्या पेटीतल्या हिरव्या पासपोर्टाकडे आजवर आपण शरमेने पाहिले. वास्तविक तो वऱ्हाडच्या इतिहासाचा दस्तऐवज आहे. ज्या बाया दर मुदतीला पोलीस ठाण्याच्या बाकावर बसल्या आणि घरी येऊन ज्वारीची भाकर थापू लागल्या, त्यांचे नाव कोणत्याही ग्रंथात नाही. ज्यांच्या घरात त्या अजून हयात आहेत, त्यांनी एकदा जवळ बसून विचारावे आणि लिहून ठेवावे. पेटी त्यांच्यानंतर रद्दीत जायच्या आत.