टेंपल रोडवर देऊळ शोधताना

हिस्लॉप कॉलेजजवळून तुम्ही किती वेळा गेला असाल? पत्ता: टेंपल रोड, सिव्हिल लाइन्स. एकदा मी मित्राला विचारलं, "इथलं देऊळ कुठाय?" तो हसला. "काय बे, टेंपल म्हणजे साहेब होता!"

सर रिचर्ड टेंपल. 1860च्या दशकात मध्य प्रांताचे चीफ कमिशनर. आपला अजब बंगला 1863चा, त्यांच्याच काळातला. स्टीफन हिस्लॉप 1863मध्ये वारले. त्यांनी गोंड आणि इतर आदिवासींबद्दल लिहून ठेवलेले कागद 1866मध्ये संपादित करून छापले तेही टेंपल यांनीच.

पण आडनाव टेंपल कसं? जेरुसलेममधल्या प्राचीन मंदिराच्या जागेवर ठाणं असलेले लढवय्ये साधू म्हणजे टेंप्लर. इंग्लंडमध्ये त्यांच्या मठांजवळ राहणारे किंवा तिथे काम करणारे लोक टेंपल झाले. लंडनच्या टेंपल भागात कुणी टाकून दिलेली बाळं सापडायची, त्यांनाही हेच आडनाव मिळायचं. आणि पंतप्रधान लॉर्ड पामर्स्टन यांचंही खरं नाव हेन्री जॉन टेंपल! म्हणजे एकच आडनाव, अनाथ बाळाचंही आणि लॉर्डाचंही.

आता खरी गोष्ट. 1874च्या बिहारच्या दुष्काळात टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला. माणसं वाचली, पण शाबासकीऐवजी उधळपट्टीचा ठपका आला. मग 1877 उजाडलं. मद्रास आणि मुंबई इलाख्यात भीषण दुष्काळ. या वेळी सरकारने त्यांना काटकसरीसाठी पाठवलं. दुष्काळी कामावर दिवसभर खपणाऱ्या पुरुषाला मजुरी किती? एक पौंड धान्य, म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम, आणि वर एक आणा. बायका-मुलांना त्याहून कमी. लोक याला 'टेंपल वेज' म्हणू लागले. आपल्या मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी अशा मजुरीवर काम करायला नकार दिला आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. त्याच वर्षी टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले.

मला हेच खटकतं. ज्याने एकदा भूक भागवून दाखवली, त्यानेच ती मोजून दिली. माहीत नव्हतं म्हणून नाही, वरून ओरडा बसला होता म्हणून. ऑफिसात बॉसच्या एका मेलवर आपणही किती पटकन बदलतो, आठवा.

रस्त्याचं नाव बदला असं मी म्हणत नाही. पण पुढच्या वेळी कुणी "देऊळ कुठाय?" विचारलं, तर अजब बंगल्यासोबत ते साडेचारशे ग्रॅमही सांगा. भेटू पुढच्या भागात!