कागदावरचे 230 व्होल्ट

बाहेरून आलेल्या बऱ्याच जुन्या अँप्लिफायरच्या पाठीमागे एक छोटा खटका असतो. 110, 120, 220, 240. आपल्याकडे वीज 230 ची, मग खटका ठेवायचा कुठे?

उत्तर इतिहासात आहे. युरोपात बहुतेक ठिकाणी 220 व्होल्ट होते, ब्रिटनमध्ये 240. सगळ्यांचं एकच करायचं ठरलं आणि 1995 पासून ब्रिटनचाही अधिकृत आकडा 230 झाला. गंमत म्हणजे त्यासाठी गल्लोगल्लीचे ट्रान्सफॉर्मर बदलत बसावं लागलं नाही! मर्यादाच अधिक 10 आणि उणे 6 टक्के ठेवली, म्हणजे साधारण 216 ते 253. जुने 240 त्यात आरामात बसले. बदलला तो कागद.

आपल्याकडेही आधी 240 होते, नंतर 230 झाले. माझ्या घरी मल्टिमीटर लावला तर 243 दिसले. खटका 220 वर असता तर आत दहा टक्के जास्त व्होल्टेज गेलं असतं. म्हणजे ट्रान्सफॉर्मर जास्त तापणार, कपॅसिटरवर ताण येणार. उलट 240 वर ठेवून 230 च आले, तरी कमाल आवाजात अर्ध्या डेसिबलचाही फरक नाही.

तेव्हा 240 च बरा. आणि हो, खटका प्लग काढूनच सरकवा!