फ्रान्सचा एक कामगारमंत्री

फ्रान्समधील सामाजिक सुरक्षेचा इतिहास सांगताना प्रथम नाव घेतले जाते ते प्येर लारोक या सनदी अधिकाऱ्याचे. ते यथार्थच आहे. कारण ऑक्टोबर १९४५ च्या ज्या अध्यादेशांनी या व्यवस्थेचा पाया घातला, त्यांचा आराखडा मुख्यतः त्यांचाच होता. परंतु अध्यादेश निघाला म्हणजे व्यवस्था उभी राहिली असे नव्हे, हे राज्यकारभाराशी ज्याचा थोडाफार संबंध आला आहे त्याला सांगावयास नको. ती योजना कागदावरून गावोगावच्या कचेऱ्यांत उतरली ती आंब्रुवाझ क्रुवाझा या कम्युनिस्ट मंत्र्याच्या कारकीर्दीत.

क्रुवाझांचा जन्म १९०१ साली साव्हॉय प्रांतात झाला. वडील कारखान्यातील मजूर. १९१४ मध्ये ते युद्धावर गेले आणि तेरा वर्षांच्या मुलाला धातुकामाच्या कारखान्यात कामाला लागावे लागले. १९३६ साली ते धातुकामगार महासंघाचे सरचिटणीस झाले आणि त्याच वर्षी प्रतिनिधिगृहात निवडून आले. १९३९ च्या रशिया-जर्मनी कराराचा निषेध करण्यास त्यांचा पक्ष तयार नव्हता. त्या भूमिकेचे समर्थन करणे अवघड आहे. पण तिची किंमत क्रुवाझांनी भरली. पक्ष बेकायदा ठरला, ऑक्टोबरात त्यांना अटक झाली, पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि अखेर अल्जिअर्सजवळच्या मेझाँ-कारे तुरुंगात त्यांची रवानगी झाली. तेथून ते सुटले फेब्रुवारी १९४३ मध्ये.

नोव्हेंबर १९४५ मध्ये हा धातुकामगार कामगारमंत्री झाला. देश युद्धाने खंगलेला, अन्नधान्यावर नियंत्रण. आजारपण, वार्धक्य, अपघात यांसाठी पूर्वी असंख्य लहानमोठे निधी होते. कामावरील अपघातांचा विमा तर खाजगी कंपन्यांच्या हाती होता. ऑक्टोबर १९४६ च्या कायद्याने तो त्यांच्याकडून काढून घेण्यात आला. नव्या निधींच्या कारभारी मंडळांत तीन चतुर्थांश जागा कामगारांच्या प्रतिनिधींना मिळाल्या, आणि हीच गोष्ट मालकवर्गाला सर्वाधिक झोंबली. ख्रिस्ती कामगार संघटनेलाही सर्वांसाठी एकच निधी ही कल्पना मान्य नव्हती. तेव्हा जागा शोधणे, दप्तर लावणे, कारकून जमविणे हा सारा भार मुख्यतः सेजेते या कामगार महासंघाच्या कार्यकर्त्यांनी, पुष्कळदा आपला रोजचा कामधंदा सांभाळून, उचलला. लारोकांचा आराखडा आणि क्रुवाझांची माणसे, असा हा योग होता. दोघांची विचारसरणी भिन्न असूनही तो जुळला, हे विशेष.

सर्वच काही साधले नाही. मे १९४६ च्या कायद्याने साऱ्या जनतेला एका छत्राखाली आणण्याचा संकल्प सोडला. परंतु व्यापारी, कारागीर व स्वतंत्र व्यावसायिक यांनी तो हाणून पाडला, आणि जानेवारी १९४८ मध्ये त्यांच्या वृद्धवेतनासाठी वेगळे निधी मान्य करावे लागले. तोवर क्रुवाझा सत्तेवर नव्हते. वेतनाच्या प्रश्नावर कम्युनिस्टांनी सरकारविरुद्ध मत दिले, तेव्हा मे १९४७ मध्ये पंतप्रधान रामादिये यांनी त्यांना सहकाऱ्यांसह मंत्रिमंडळातून दूर केले होते.

११ फेब्रुवारी १९५१ रोजी, पन्नाशीतच, क्रुवाझांचा मृत्यू झाला. पॅरिसमधील पेर-लाशेझ स्मशानभूमीपर्यंत त्यांच्या अंत्ययात्रेला कामगारांची प्रचंड गर्दी लोटली होती. पुढे मात्र त्यांचे नाव कामगार संघटनांच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणी घेईनासे झाले. २०१६ साली निघालेल्या एका माहितीपटाने ते पुन्हा लोकांपुढे आणले.