दोन शिळा, एक घराणं

चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, सातमाळ्याच्या पायथ्याशी पाटण आहे. इथल्या देवीच्या देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि 1865 मध्ये त्यावर लिहिलं. पुढे संस्कृतचे अभ्यासक कीलहॉर्न यांनी त्याचं वाचन छापलं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने इ.स. 1207 च्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वावर, त्या मठाला दान दिलं, असा त्याचा आशय. गणिताच्या इतिहासासाठी हा लेख पुष्कळांनी वाचला आहे. मला तो नावांसाठी वाचावासा वाटतो.

आडनाव कुठेच नाही. शांडिल्य गोत्र सांगितलं आहे आणि मग ओळीने माणसं येतात: त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर, चांगदेव. काहींच्या नावापुढे पदवी आहे. भास्करभट्टाला भोजराजाने ‘विद्यापती’ म्हटलं, गोविंद ‘सर्वज्ञ’. पाटणच्या शिळेवर घराचा मान विद्येला आहे.

दुसरी शिळा चाळीसगाव तालुक्यातच, बहाळला, शके 1144 ची, म्हणजे पाटणच्या दानानंतर पंधरा वर्षांनी कोरलेली. सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी अनंतदेव याने भवानीचं देऊळ बांधलं, त्याची ही नोंद. इथेही शांडिल्य गोत्र, मनोरथ आणि त्याचा मुलगा महेश्वर. पण त्यापुढे श्रीपती, गणपती, अनंतदेव असा वंश उतरतो. भास्कराचार्य या यादीत नाहीत, कारण ही त्यांच्या भावाची शाखा आहे. गोत्र, बापलेकांची जोडी आणि ज्योतिषातलं काम, एवढ्या दुव्यांवर दोन्ही शिळा एका घराण्याच्या ठरतात.

आता बहाळचा लेख रचणारा कवी कोण? अनंतदेवाचा धाकटा भाऊ, महेश्वर. म्हणजे पणजोबांचं नाव पणतूला. तसंच पाटणच्या यादीत भास्कराचार्यांच्या पाच पिढ्या आधी भास्करभट्ट विद्यापती बसलेला आहे. एकदा घडलं असतं तर योगायोग म्हणून सोडलं असतं. एकाच घरात दोनदा घडतं तेव्हा नाव ठरवून ठेवलेलं असावं, असं मी मानतो. पूर्वजाची कीर्ती बाळाच्या नावात उतरावी ही इच्छा त्यामागे दिसते. विष्णूची आणि शिवाची नावं एकाच वंशात बिनदिक्कत शेजारी आहेत, हेही टिपण्यासारखं.

चांगदेव मात्र वेगळा. आठ पिढ्या संस्कृत नावं, आणि नवव्या पिढीला हे खास मराठी वळणाचं नाव. (तापीकाठच्या प्रसिद्ध योग्याशी त्याची गल्लत करू नये.) सोइदेव, हेमाडिदेव हे त्याचे आश्रयदाते, त्यांचीही नावं त्याच वळणाची. दरबारी पिढीची आवड बदलत होती असा माझा अंदाज आहे, आणि लेखाच्या शेवटच्या ओळी त्याला बळ देतात, कारण तिथे संस्कृत संपून मराठी सुरू होते. पाटणच्या पेठेत जो माल विकायला उघडेल त्यावरचं राजाचं उत्पन्न मठाला दिलं. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी. जितके घाणे चालतील तितक्यांकडून पळी पळी तेल. वंशाचा गौरव संस्कृतात, पण तेल कोणी किती द्यायचं हे तेल्याला कळेल अशा बोलीत.

या दोन्ही वंशावळींत एकाही बाईचं नाव नाही. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, तिचं लग्न घटिकापात्रात मोती पडल्याने हुकलं, ही आपण लहानपणी ऐकलेली गोष्ट अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून पुढे आली. शिळांना ती ठाऊक नाही. चांगदेवाची आजी, अनंतदेवाची आई यांना घरात कोणत्या नावाने हाक मारत, ते लिहून ठेवण्याची गरज त्या विद्वान घराला वाटली नाही.