फाटकाबाहेरचं माणूस

मध्यंतरी आमच्या क्रॉयडनमध्ये मुलांसाठी शनिवारचा मराठी वर्ग सुरू करायचं ठरलं. ठरलं म्हणजे काय, चार घरच्या आयांनी ठरवलं आणि "तुम्हाला शनिवारी असं काय काम असतं?" असं विचारून बाराखडी माझ्या गळ्यात मारली. हॉल भाड्याने घ्यायला गेलो, तर तिथल्या आजीबाईंनी किल्लीच्या आधी एक फॉर्म पुढे सरकवला. लहान मुलांबरोबर काम करणाऱ्याची पोलीस दफ्तरातली नोंद तपासून घेण्याचा. इथे त्याला डीबीएस म्हणतात.

खरं सांगतो, मला राग आला. इतकी वर्षं इमानेइतबारे टॅक्स भरतोय, इंजिनिअर आहे, दोन मुलींचा बाप आहे, आणि 'ग' गणपतीचा शिकवायला चारित्र्याचा दाखला? तसं मी हसत हसत बोलूनही दाखवलं. आजीबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शर्ली माहीत आहे ना? शर्ली ओक्स कुठे होतं ते एकदा बघून या, मग फॉर्म भरा."

बघून आलो. ईस्ट क्रॉयडनहून ११९ नंबरची बस विकहॅम रोडने शर्लीला जाते. बसमधून उतरून आत वळलं की नीटनेटकी घरं, छोट्या गल्ल्या, एक खासगी रुग्णालय. मधेच एक जुना, उंच पाण्याचा टॉवर दिसतो. नवख्या माणसाला वाटावं, इथे घर घ्यावं. त्या टॉवरचं पाणी पूर्वी कोण प्यायचं, ते मी घरी येऊन वाचलं. दोन रात्री झोप लागली नाही.

गोष्ट सुरू होते ती चांगल्या हेतूने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमधल्या बर्मंडसी भागात, म्हणजे गोदीकामगार आणि कातडी कमावणाऱ्यांच्या वस्तीत, गरिबांची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाने ठरवलं की अनाथ, निराधार पोरांना 'वर्कहाऊस'च्या कोंडवाड्यात ठेवायचं नाही. शहराबाहेर, मोकळ्या हवेत, त्यांच्यासाठी एक गावच वसवायचं. म्हणून शर्लीत ओळीने घरं बांधली. प्रत्येक घरात मुलांचा एक गट आणि त्यांची देखभाल करणारे 'हाऊस पेरेंट्स'. शाळा आवारातच, दवाखाना आवारातच. त्या काळाच्या मानाने हा पुढारलेला विचार होता, हे मान्य करायला हवं.

पण इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर ह्या रचनेत एक दोष होता. सगळं आवारातच. मुलाला फाटकाबाहेर जायचं कारणच नाही, आणि बाहेरच्या माणसाला आत यायचं कारण नाही. शेजारी नाही, दुकानदार नाही, मित्राची आई नाही. घर चालवणारा माणूस चांगला निघाला तर नशीब. वाईट निघाला, तर सांगायचं कोणाला?

१९३० मध्ये ही संस्था लंडन काउंटी कौन्सिलकडे गेली आणि १९६५ च्या फेररचनेत लॅम्बेथ कौन्सिलकडे. म्हणजे गंमत बघा (गंमत कसली!), जागा क्रॉयडनमध्ये आणि कारभार दहा-बारा किलोमीटरवरच्या लॅम्बेथचा. क्रॉयडनच्या लोकांना वाटायचं, ती लॅम्बेथची पोरं. लॅम्बेथच्या साहेबांना ती पोरं रोज दिसत नव्हती. १९८० मध्ये तिथली निम्म्याहून अधिक मुलं कृष्णवर्णीय होती. त्यांना वर्णद्वेषाचाही मार होता. १९८३ मध्ये शर्ली ओक्स बंद पडलं, जमीन विकली गेली, घरं उठली. टॉवर मात्र राहिला.

आत काय घडत होतं, ते अधिकृतपणे लिहिलं गेलं जुलै २०२१ मध्ये. प्राध्यापक ॲलेक्सिस जे यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय चौकशीने लॅम्बेथवर स्वतंत्र अहवाल दिला. शर्ली ओक्स आणि लॅम्बेथची आणखी दोन बालगृहं मिळून ७०५ माजी मुलांनी लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी केल्या होत्या. इतक्या वर्षांत कौन्सिलने शिस्तभंगाची कारवाई केलेला वरिष्ठ कर्मचारी किती? एक. शर्ली ओक्समध्ये १९७७ साली एक मुलगा न्हाणीघरात मृतावस्थेत सापडला. त्याने आपल्या 'हाऊस फादर'विरुद्ध तक्रार केली होती. मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरला कौन्सिलने ही गोष्ट सांगितलीच नाही.

आणि माझ्या फॉर्मची गोष्ट! लॅम्बेथच्याच दुसऱ्या एका बालगृहाच्या प्रमुखावर साठीच्या दशकात मुलावरच्या अत्याचाराचा गुन्हा सिद्ध झालेला होता. त्याने तो लपवला. १९८६ मध्ये कौन्सिलला ते कळलं. मग काढून टाकलं असेल ना? नाही. कामावर ठेवलं. पुढे १९९९ मध्ये त्याला तुरुंगवास झाला. म्हणजे नुसता कागद असून भागत नाही, तो वाचून जागं होणारा माणूसही लागतो.

मग हे बाहेर काढलं कोणी? पोलिसांनी १९९८ ते २००३ तपास केला, पण शिक्षा मोजक्यांनाच झाल्या. खरं काम केलं ते त्याच आवारात वाढलेल्या मुलांनी. शर्ली ओक्समध्येच लहानाचे मोठे झालेले रेमंड स्टीव्हन्सन आणि त्यांचे सोबती यांनी २०१४ मध्ये पीडितांची संघटना काढली. पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसं एकमेकांना शोधत फिरली, शेकडो जणांच्या कहाण्या स्वतः नोंदवून घेतल्या. अनेकांनी जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं, कारण समोरचाही तिथलाच होता. सरकारी चौकशीवर विश्वास उरला नाही म्हणून २०१६ मध्ये ते तिच्यातून बाहेरही पडले आणि स्वतःचा अहवाल काढला. त्यांच्याच रेट्यामुळे लॅम्बेथने जानेवारी २०१८ पासून भरपाई योजना सुरू केली. एका व्यक्तीला जास्तीत जास्त १,२५,००० पौंड. त्यातला एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या घरात भीतीच्या छायेत वाढलात एवढ्यासाठीही १०,००० पौंडांपर्यंत रक्कम होती. भीती हीसुद्धा इजाच आहे, हे एका कौन्सिलने कागदावर कबूल केलं.

आता तुम्ही म्हणाल, हे साहेबाच्या देशातलं पाप, आपल्याला काय त्याचं? तर कुलाब्याची 'अँकरेज' आठवा. ब्रिटिश आरमारात काम केलेल्या दोघांनी मुंबईच्या रस्त्यावरच्या मुलांसाठी आसरे चालवले होते. २००१ मध्ये अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं. २००६ मध्ये सत्र न्यायालयात शिक्षा, २००८ मध्ये उच्च न्यायालयात सुटका, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. शेवटपर्यंत लढणाऱ्यांत चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन होतं. ज्या १०९८ क्रमांकासाठी ही संस्था ओळखली गेली, तो १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाला. इथेही तेच. मुलांचं ऐकणारं कोणीतरी फाटकाबाहेर होतं, म्हणून निदान न्यायालयापर्यंत पोहोचता आलं.

हे सगळं वाचताना मला एक मुलगा आठवत राहिला. शाळेत असताना तीन वर्षं मी एका तालुक्याच्या गावी वसतिगृहात होतो. आमच्याहून लहान एक मुलगा रात्री रेक्टरांचे पाय चेपायला जायचं म्हटलं की रडायचा. कोपऱ्यात लपायचा. आम्ही त्याला 'रडूबाई' म्हणायचो. एका शिक्षकांना त्याने काहीतरी सांगितलं, तर त्यांनी वर्गात उभं करून सांगितलं, "मोठ्या माणसांबद्दल असं बोलू नये." दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परत आला नाही. त्याची कॉट मला मिळाली, खिडकीजवळची. मला आनंद झाला होता.

नेमकं काय घडलं होतं ते मी शपथेवर सांगू शकत नाही. पण विचारलं नाही, हे शपथेवर सांगू शकतो.

आज आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं आणि पोलिसांना कळवलं नाही, तर तोच गुन्हा ठरतो. इथल्या राष्ट्रीय चौकशीला ऑक्टोबर २०२२ च्या अंतिम अहवालात इंग्लंडला असंच बंधन घालून घ्या म्हणून शिफारस करावी लागली. कायद्यात आपण मागे नाही. पण "मोठ्या माणसांबद्दल असं बोलू नये" हे वाक्य कुठल्या कलमाने पुसलं जाणार?

असो. मी फॉर्म भरला. आजीबाईंनी किल्ली दिली. वर्गाचे नियम आयांनी मिळून केले. दोन मोठी माणसं असल्याशिवाय वर्ग भरायचा नाही, दार बंद करायचं नाही, आणि कोणत्याही पालकाने कधीही आत येऊन बसावं.

पहिल्या शनिवारी बाराखडीच्या आधी मुलांना सांगितलं, कोणाचंही वागणं आवडलं नाही, अगदी माझंसुद्धा, तर आईबाबांना सांगायचं. मागच्या रांगेतल्या एका सहा वर्षांच्या गड्याने विचारलं, "काका, आणि त्यांनी ऐकलंच नाही तर?"

"तर बाईंना सांगायचं. त्यांनी नाही ऐकलं तर आणखी कोणाला. कोणीतरी ऐकेपर्यंत सांगत राहायचं."

त्याने मान डोलावली आणि पाटी पुढे ओढली. तुमच्या घरातल्या, शेजारच्या, वसतिगृहात ठेवलेल्या पोरांनाही हे एकदा सांगून ठेवा. १०९८ हा नंबर पाठ करून घ्या. आणि ती सांगायला आली, तर हातातलं काम बाजूला ठेवा.