राक्षस येण्याआधी

गेल्या वर्षी गणपतीत आमच्या मंडळातल्या एका घरी बंगळूरहून नातू आला होता. संध्याकाळी तो मांडवात येऊन बसला. समोर हलता देखावा होता. राक्षस तोंड उघडत होता, त्याच्या डोळ्यांत तांबडे दिवे लागत होते आणि कर्ण्यातून खदाखदा हसू येत होते. पुढे बसलेली चार-पाच वर्षांची पोरे त्याला वाकुल्या दाखवीत होती.

नातू म्हणाला, "आमच्या खेळातही हेच होतं. राक्षस येतो, पण भीती कुणालाच वाटत नाही."

खेळ कसला, ते आम्ही विचारून घेतले. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे आपापले सोंग घेऊन आयत्या वेळी सुचेल ते बोलतात. जय-पराजय फाशांवर ठरतो. आमचा हा नातू गोष्ट सांगणारा. त्याची तक्रार अशी, की राक्षस आला रे आला की गडी त्याच्या अंगात किती बळ आहे त्याचे आकडे मांडू लागतात आणि सगळे हिशेबावर येते.

ऐकता ऐकता आम्हाला वाटले, हा खेळ आपल्याला नवा नाही. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी आयत्या वेळी बोलायचे, याच रीतीने मराठी नाटक उभे राहिले, आणि तेही आपल्या मुलखाच्या आसपास.

उत्तर कानड्यात होन्नावरजवळ कर्की नावाचे गाव आहे. तिथली यक्षगान करणारी भागवत मंडळी 1842 साली सांगलीला आली. संस्थानचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी त्यांचा खेळ पाहिला आणि तसाच, पण सुधारलेला खेळ मराठीत करावा, असे विष्णुदास भाव्यांना सांगितले. त्यातून 1843 मध्ये 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आले. कर्की आणि सांगली यांच्या मधल्या पट्ट्यात बेळगाव-निपाणी येते. मराठी रंगभूमीवरचा पहिला राक्षस असा कानडी मुलखातून वर आला. सीमाभागात राहणाऱ्या आपल्या माणसांना हे कधी कधी सांगावेसे वाटत नाही, पण इतिहास हा असा आहे आणि तो सांगण्यात आपल्याला कमीपणा नाही.

यक्षगानात राक्षस एकदम पुढे येत नाही. दोघे जण आडवा पडदा धरतात आणि त्याच्यामागे तो नाचू लागतो. चंडे वाजत असते. पडद्यावरून आधी फक्त मुकुटाचे टोक दिसते, मग नुसते हात. चेहरा कितीतरी वेळाने दिसतो. भाव्यांच्या नाटकातही सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे आपापले बोलणे आयत्या वेळी करीत. राक्षसांचा एक वेगळा संचच असे, त्याला राक्षसपार्टी म्हणत. मशालीवर राळ उडे, क्षणभर भडका होई, पुन्हा अंधार पडे, आणि 'अललल डुर्रर्र' अशी आरोळी देत राक्षस येई. ज्या काळी रात्री घरात एखादी समई तेवत असे, त्या काळच्या पोरांचे काय झाले असेल याची कल्पना करावी.

पुढे मात्र तीच आरोळी हसण्याचा विषय झाली. गावोगाव मंडळ्या निघाल्या, प्रत्येकीचा राक्षस तसाच ओरडे आणि तसाच तलवार परजून नाचे. शिकलेले लोक या नाटकांना 'अललडुर्र' आणि 'तागडथोम' म्हणून हिणवू लागले. राक्षस कधी येणार, काय ओरडणार आणि कसा मरणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक झाल्यावर त्याचा वचक संपला. आमच्या नातवाच्या आकड्यांचे दुखणे हेच.

यावर उतारा काय? एक उतारा आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाच्या कामात सापडतो. 'सीतास्वयंवर' झाले त्याच 1843 साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला. बेळगावात नोकरी करता करता त्यांनी नाटकाचा नाद केला आणि 1880 साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले. त्यांनी हाती घेतलेल्या कालिदासाच्या मूळ नाटकातली सर्वांत भीतिदायक जागा कोणती? दुर्वासाचा शाप. कालिदासाने दुर्वासाला रंगमंचावर आणलेलेच नाही. पडद्यामागून त्याचा आवाज तेवढा येतो. ज्या शकुंतलेवर आभाळ कोसळणार, ती पतीच्या विचारात गढलेली असते आणि तिला तो ऐकूही येत नाही. ऐकतो आपण. तिला हाक मारून सांगावे असे वाटते आणि सांगता येत नाही. रंग नाही, राळ नाही, तरी अंगावर काटा येतो.

दुसरा उतारा खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त आहे. हे नाटक 1907 साली आले. कीचक हा राक्षस नव्हे, विराटाचा मेहुणा आणि सेनापती. त्याला शिंगे नाहीत, सुळे नाहीत. पण प्रेक्षकांना त्याच्या ठिकाणी लॉर्ड कर्झन दिसला आणि द्रौपदीच्या ठिकाणी आपला देश. लंडनच्या 'टाइम्स'साठी लिहिणाऱ्या व्हॅलेंटाइन चिरोलने आपल्या पुस्तकात या नाटकाची दखल घेतली आणि 1910 साली सरकारने त्यावर बंदी घातली. राक्षसपार्टीच्या आरोळीने पोरे भ्याली असतील, कीचकाने सरकार भ्याले. प्रेक्षकांनी त्याला ओळखले होते, हे त्याचे कारण.

अमेरिकेत त्या खेळावरून 1980 च्या दशकात असेच काहूर उठले होते. मुले सैतानाच्या नादी लागतील म्हणून काही पालक बिथरले. तेव्हा 1989 च्या आवृत्तीत 'डीमन' आणि 'डेव्हिल' हे शब्द काढून त्या जागी नवी नावे घातली गेली. सोंग तेच, नाव तेवढे बदलले.

आपल्या गणपतीच्या कथांत मात्र नावे बदललेली नाहीत आणि त्या नावांतच सगळे आहे. मुद्गलपुराणातले आठ असुर पाहा: मत्सरासुर, मदासुर, मोहासुर, लोभासुर, क्रोधासुर, कामासुर, ममासुर, अहंकारासुर. यांतला एकही बाहेरगावचा नाही. सिंदुरासुराची कथा तर याहून बोचरी आहे. तो ब्रह्मदेवाच्या जांभईतून जन्मला. ज्याला मिठी मारशील तो मरेल, असा वर त्याला ब्रह्मदेवानेच लाडाने दिला, आणि सिंदुरासुर पहिली मिठी मारायला ब्रह्मदेवाकडेच वळला! आपणच लाडाने वाढवलेले आपल्याकडे हात पसरून येते, याहून मोठी भीती कुठल्या मुखवट्यात मावेल?

नातवाला आम्ही एवढेच सांगितले. राक्षस उशिरा आण. आधी त्याच्या खुणा दिसू देत, ओस पडलेले गाव दिसू दे, कुणीतरी त्याचे नाव घ्यायला कचरू दे. आणि त्याला वर कुणी दिला ते शोधून काढ. तो तुमच्यापैकीच कुणीतरी दिलेला असू दे.

यंदा बालनाट्याची तालीम सुरू झाली तेव्हा हेच करून पाहिले. नाट्य अनलासुराचे आहे. या असुराला गणपतीने गिळला, तरी पोटात आग होतच राहिली आणि ती शेवटी एकवीस दूर्वांच्या जुड्यांनी शमली, ही कथा आपल्या घरोघरी सांगितली जाते. पोरांनी पुठ्ठ्याचा मोठा मुखवटा मागितला होता, तो आम्ही दिला नाही. नुसता पडदा धरला, मागे एक दिवा हलवला आणि ढोलावर एकाच हाताने संथ ठेका धरला. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी उठून आजीच्या मांडीवर जाऊन बसली आणि पदराआडून पाहू लागली. पळून मात्र गेली नाही.

तालीम संपल्यावर तिने विचारले, "गणपतीच्या पोटात अजून दुखतं का?"

आजीने तिच्या हातात दूर्वांची जुडी दिली आणि एकवीस मोजायला सांगितले.