जनुकांची यादी पुरेशी का नाही? ट्रे आयडेकर आणि प्रथिनांचं जाळं

स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढल्यावर एक प्रश्न उरतो: हा रोग पुढे शरीरात इतरत्र पसरेल का? शक्यता कमी असेल, तर केमोथेरपीचा त्रास टाळता येऊ शकतो. या प्रश्नाचं उत्तर गाठीतल्या जनुकांत शोधताना संशोधक एका कोड्यात अडकले. ते सोडवण्याच्या प्रयत्नात ट्रे आयडेकर या अमेरिकी संशोधकाचं नाव महत्त्वाचं आहे.

दोन याद्या, तीन सामाईक नावं

माणसात प्रथिनं बनवणारी सुमारे २० हजार जनुकं आहेत. ती सगळी सगळीकडे सारखी काम करत नाहीत. कोणतं जनुक किती सक्रिय आहे, याला 'जनुक अभिव्यक्ती' म्हणतात. जनुकाकडून निघालेला आरएनए हा संदेश मोजून ती कळते.

२००२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी गाठींमधली अभिव्यक्ती मोजली आणि रोग पसरण्याचा अंदाज देणारी ७० जनुकांची यादी मांडली. २००५ मध्ये रॉटरडॅमच्या गटानं ७६ जनुकांची यादी दिली. दोन्ही याद्या अंदाज देत होत्या, पण त्यांत सामाईक जनुकं होती फक्त ३! रोग एकच, मग जनुकं वेगळी कशी?

आयडेकर यांचा विचार

आयडेकर मूळचे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी. शिक्षण एमआयटीत झालं. पुढे सिएटलमध्ये लेरॉय हूड यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएचडी केली. सर्किटमध्ये एकच सुटा भाग बघून काही कळत नाही, जोडणी बघावी लागते. पेशीकडेही ते त्याच नजरेनं बघतात.

गावच्या निवडणुकीचं उदाहरण घ्या. मतदार यादी पाठ केली म्हणून निकाल सांगता येत नाही. कोण कुणाच्या गटात, कुणाचं कुणाशी जमतं, हे माहीत असावं लागतं. प्रथिनंही एकमेकांना चिकटून, एकमेकांना चालू-बंद करून काम करतात. अशा सगळ्या जोड्यांचा नकाशा म्हणजे 'प्रथिन आंतरक्रिया जाळं'.

यीस्टपासून सुरुवात

२००१ मध्ये आयडेकर आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये यीस्टवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. गॅलॅक्टोज ही साखर वापरण्याची यीस्टची यंत्रणा त्यांनी २० वेगवेगळ्या परिस्थितींत तपासली. काही वेळा त्यातलं एखादं जनुकच काढून टाकलं. यात ९९७ जनुकांच्या संदेशांमध्ये बदल दिसला. २८९ प्रथिनंही मोजली, तेव्हा त्यांपैकी सुमारे १५ प्रथिनांचं नियंत्रण संदेश तयार झाल्यानंतरच्या टप्प्यावर होत असल्याचे पुरावे मिळाले. म्हणजे नुसता संदेश मोजून पूर्ण चित्र कळत नाही.

असा नकाशा आणि अभिव्यक्तीचे आकडे एकत्र दाखवणारं 'सायटोस्केप' हे सॉफ्टवेअर २००३ च्या शोधनिबंधातून पुढे आलं. त्यात वर्तुळ म्हणजे प्रथिन, रेघ म्हणजे आंतरक्रिया आणि रंग म्हणजे अभिव्यक्ती. आयडेकर त्याच्या निर्मात्यांपैकी एक. ते मोफत आहे आणि आजही वापरात आहे.

कर्करोगावर प्रयोग

२००७ मध्ये हान-यू च्वांग, आयडेकर आणि सहकाऱ्यांनी हीच पद्धत स्तनाच्या कर्करोगाला लावली. एका प्रथिनापासून सुरुवात करायची, त्याचे शेजारी एकेक करून गटात घ्यायचे आणि पूर्ण गटाच्या सरासरी अभिव्यक्तीवरून रोग पसरलेल्या व न पसरलेल्या गाठी वेगळ्या ओळखता येतात का, ते बघायचं. डेटा ॲमस्टरडॅम आणि रॉटरडॅम या दोन्ही ठिकाणच्या रुग्णांचा होता.

सुट्या जनुकांपेक्षा असे गट दोन्ही ठिकाणी जास्त सारखे निघाले, अंदाजही अधिक अचूक आला. आणखी एक गोष्ट दिसली. टीपी५३ सारखी कर्करोगाशी संबंधित प्रसिद्ध जनुकं अभिव्यक्तीच्या याद्यांत सहसा येत नाहीत. जनुकात बिघाड झाला, तरी त्याच्या संदेशाचं प्रमाण बदलेलच असं नाही. जाळ्यात मात्र हीच जनुकं बदललेल्या अनेक शेजाऱ्यांना जोडताना दिसली.

मग कोडं सुटलं का?

पूर्ण नाही. २०१२ मध्ये एका युरोपीय गटानं अशा जाळं-आधारित पद्धतींची कसून तपासणी केली. साध्या सुट्या जनुकांच्या पद्धतींपेक्षा त्या सरस ठरल्या नाहीत. त्याहून धक्कादायक म्हणजे, जाळ्यातली माहिती मुद्दाम विस्कटली, तरी अंदाजाची गुणवत्ता घसरली नाही. त्याआधी २०११ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं होतं, की यादृच्छिकपणे निवडलेल्या जनुकांच्या बहुतेक याद्याही या रोगाच्या परिणामाशी संबंध दाखवतात. याचं मोठं कारण म्हणजे पेशी किती वेगानं वाढतात याची छाप असंख्य जनुकांवर पडलेली असते. दोन यादींत ३ च नावं सामाईक असूनही दोन्ही चालल्या, त्यामागचं एक कारण हेच.

थोडक्यात, अंदाज अचूक येणं आणि रोगाचं कारण समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ७० जनुकांची चाचणी कारण पुरतं न सांगताही उपयोगी ठरली. २००७ मध्ये तिला अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी मिळाली. जाळ्याचा मुख्य उपयोग दुसरा आहे: प्रयोगशाळेत पुढे काय तपासायचं, कोणती प्रथिनं एकत्र बघायची, याची दिशा त्यातून मिळते.

म्हणून 'कर्करोगाची जनुकं सापडली' अशी पोस्ट पुढे पाठवण्याआधी दोन गोष्टी बघा. हा निष्कर्ष वेगळ्या रुग्णांवर तपासला आहे का? आणि कोणतीही जनुकं उचलली असती, तर त्यांच्यापेक्षा तो खरंच चांगला ठरला आहे का?